जखडलेला स्क्रू

आट्यांमध्ये गंज धरल्यामुळे नेहमीच्या बळाने न फिरणाऱ्या स्क्रूला जखडलेला स्क्रू असे म्हणतात. रंधा, करवत, गिरमिट अशा जुन्या हातअवजारांत तो सर्रास आढळतो.

कारण
लोखंडाचा ओलावा व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने आट्यांमधील फट भरून जाते व स्क्रू पाचरीसारखा आवळला जातो.

सोडवण्याची पद्धत
प्रथम डोक्यावरील गंज खरवडून खाच स्वच्छ करतात. सांध्यावर पातळ तेल सोडून ते रात्रभर मुरू देतात. केशाकर्षणाने ते आट्यांत शिरते. नंतर खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर उभा धरून त्यावर हातोडीने हलके ठोके दिल्यास गंजाचा थर तडकतो. बिडाचे अवजार ठोक्याने फुटू शकते, म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा ठेवतात. स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या व मग सोडण्याच्या दिशेने, असा आलटून पालटून फिरवतात. तरीही न सुटल्यास तापवलेली सळई डोक्याला टेकवतात. प्रसरण-आकुंचनाने पकड ढिली होते. मात्र तेलाजवळ ज्योत नेणे धोक्याचे असते. तसेच पोलादी पाते अति तापल्यास त्याचे पाणी उतरते.

महत्त्व
जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यापूर्वी निरनिराळ्या कारखान्यांचे आटे भिन्न असत, आणि नंतरही काही उत्पादकांनी स्वतःचेच आटे वापरले. अशा अवजाराचा मूळ स्क्रू मोडल्यास जुळणारा दुसरा मिळणे कठीण असते. त्यामुळे स्क्रू छिद्र पाडून काढणे हा अखेरचा उपाय मानला जातो.