‘चायनीज’ : अर्थसंकोचाचे एक उदाहरण

एखाद्या शब्दाचे अर्थक्षेत्र पूर्वीपेक्षा मर्यादित होते, तेव्हा त्यास अर्थसंकोच म्हणतात. ही प्रक्रिया एका परिचित शब्दाच्या आधारे समजून घेऊ.

बारामती किंवा इंदापूर येथे सायंकाळी रस्त्याकडेच्या गाड्यांवर ‘चायनीज’ अशी पाटी दिसते. ‘चिनी’ आणि ‘चायनीज’ हे दोन्ही शब्द एकाच देशनामाशी निगडित आहेत. तरी मराठीत त्यांची क्षेत्रे वेगळी झाली आहेत. आपण ‘चिनी माती’, ‘चिनी प्रवासी’ म्हणतो, परंतु ‘चायनीज खाल्ले’ म्हणतो. इंग्रजीतून आलेले हे विशेषण मराठीत प्रामुख्याने खाद्यापुरते उरले आणि नपुंसकलिंगी नाम बनले.

पाटीवरील इतर नावेही पाहा. ‘शेजवान’ हे मुळात सिचुआन प्रांताचे नाव, ‘मंचुरियन’ हे मांचुरियावरून आलेले विशेषण, तर ‘हक्का’ हे एका समाजाचे नाव. आपल्याकडे मात्र त्यांवरून अनुक्रमे तिखट चटणी, रश्शातले तळलेले गोळे आणि नूडल्स आठवतात. हे अर्थांतर होय. मंचुरियन हा पदार्थ मांचुरियातील नव्हेच. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी तो १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम केला, असे सांगितले जाते. ‘चायनीज भेळ’ तर सर्वस्वी इथलीच.

या पदार्थांमागे माणसे होती. कोलकात्यात तिरेट्टा बाजार व टांगरा, तर मुंबईत माझगाव येथे चिनी वस्ती होती. माझगावात १९१९ मध्ये स्थापन झालेले सी यिप कून मंदिर या वस्तीची साक्ष देते. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना राजस्थानात देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांपैकी अनेकांचा जन्म भारतातच झाला होता. पुढे पुष्कळ कुटुंबांनी देश सोडला. पदार्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. ‘चायनीज’ या शब्दाच्या अर्थातून माणूस मात्र गळून पडला. म्हणूनच अर्थसंकोच अभ्यासताना शब्दात काय उरले याबरोबरच काय गळले, हेही नोंदवावे लागते.

कृती : आपल्या गावातील तीन गाड्यांवरील पदार्थनामे जशी लिहिली आहेत तशीच उतरवून घ्या. त्यांतील लेखनभेद नोंदवा आणि प्रत्येक नावाचा मूळ व प्रचलित अर्थ लिहा.