साडेपाचला रेकॉर्डिंग बंद!

‘डोंगरीला राहते’ असं सांगितलं की समोरचा आधी मला नीट बघून घेतो. ‘बापरे! तिकडे? एकटी?’ बॉस, ती डोंगरी वेगळी. सँडहर्स्ट रोडची, हिंदी पिक्चरवाली. माझी डोंगरी भाईंदर पश्चिमेला. स्टेशनवरून उत्तनची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा अशी एकेक गावं मागे टाकायची, की येते ती. जुनं चर्च, बैठी घरं आणि रात्री दहानंतर अशी शांतता की आपल्याच फ्रीजची घरघर ऐकू यावी. फ्रीलान्सरला झेपेल असं भाडं, हे इथे राहण्याचं खरं कारण. पण लोकांना मी शांततेचंच कारण सांगते. जरा क्लासी वाटतं.

गंमत म्हणजे, या शांत गावात बसून गेले आठ महिने मी एक टॅक्सी शोधतेय. १९६८ सालची. एका रेकॉर्डमधली.

‘वंडरवॉल’ म्हटलं की तुम्हाला ओएसिस आठवणार. साहजिक आहे. १९९५ चं ते गाणं गिटार हातात आलेल्या प्रत्येक मुलानं कॉलेजात एकदा तरी वाजवलेलं असतं. (आणि प्रत्येक मुलीला ते ऐकावं लागलेलं असतं. असो.) पण तो शब्द ओएसिसचा नाही. तो आला जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमवरून. १ नोव्हेंबर १९६८ ला इंग्लंडमध्ये निघालेला. एखाद्या बीटलनं स्वतःच्या नावानं काढलेला पहिला अल्बम आणि बीटल्सच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीचा पहिला एलपी. तीनच आठवड्यांनी बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि याच्याकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. गायलेलं एकही गाणं नाही, एकोणीस छोटे छोटे तुकडे, कुठे सरोद, कुठे रॉक गिटार. म्हटलं तर विकण्याच्या दृष्टीनं सगळंच चुकलेलं.

आणि त्यातला सगळ्यात जिवंत भाग रेकॉर्ड झालाय आपल्या फोर्टात. सर फिरोजशाह मेहता रोडवर, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. लंच टाइमला तुमच्यापैकी कितीतरी जण त्या रस्त्यावरून डबा नाहीतर सँडविच शोधत गेला असाल.

झालं असं, की जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकानं ‘वंडरवॉल’ नावाचा सिनेमा काढला. एक एकलकोंडा प्रोफेसर भिंतीतल्या भोकातून शेजारच्या मुलीचं रंगीबेरंगी आयुष्य बघत बसतो, एवढीच गोष्ट. मुलगी जेन बर्किन. सिनेमात संवाद जवळपास नाहीतच, म्हणजे संगीताला रान मोकळं. हॅरिसनला सांगण्यात आलं की तू जे करशील ते मी वापरेन. असा क्लायंट मला अजून भेटायचाय! १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला काम सुरू झालं आणि १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला. मुंबई त्याला नवी नव्हती. १९६६ च्या सप्टेंबरात तो रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, ताजमध्ये नाव बदलून उतरला होता आणि तरी ओळखला गेला होता. हॉटेलबाहेर पोरांची ही गर्दी. ती गर्दी लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचंय.

स्टुडिओत कोण कोण होतं? संतूरवर शिवकुमार शर्मा. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. सरोदवर अली अकबर खाँसाहेबांचा मुलगा आशिष खान, तबल्यावर महापुरुष मिश्र. तारशहनाईवर विनायक व्होरा. सतारवादक शंभू दास. हार्मोनियम आणि तबलातरंगवर रिजराम देसाद, म्हणजे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मुरलेला माणूस. शहनाईवर शरद आणि हनुमान, ज्यांचं आडनाव रेकॉर्डवर ‘जादेव’ असं छापलंय. आपले जाधव असणार, माझी तरी पैज आहे. जे लोक ‘पखावज’चं ‘पकावाज’ करतात त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा?

आता या नावांची वयं काढून बघा. मी काढली आणि जरा हललेच. हॅरिसन चोवीस. आशिष खान अठ्ठावीस. हरिजी एकोणतीस. आणि शिवजींचा जन्म १३ जानेवारी १९३८ चा, म्हणजे त्याच आठवड्यात ते तिशीचे झाले. आपल्यासाठी हे सगळे पंडित, पद्मविभूषण, पांढऱ्या केसांचे फोटो. पण त्या खोलीत ते माझ्या वयाचे होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगच्या शिफ्टा करणारे, फ्रीलान्सच म्हणा ना! शिवजींनी तर ‘गाइड’मधल्या एका गाण्यात तबला वाजवलाय. आदल्याच वर्षी, १९६७ ला, शिवजी, हरिजी आणि गिटारवाले ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आली होती, ती एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी काढलेली. होय, तेच, भावगीतवाले जोशी. पण ‘शिव-हरी’ म्हणून सिनेमाला संगीत देणं अजून तेरा वर्षं लांब होतं. अशा लोकांना एक परदेशी पोरगा सांगतोय की, मला दोन मिनिटांचा तुकडा हवाय. दोन मिनिटं! तेवढ्यात आपल्याकडे तंबोरासुद्धा लागत नाही.

आणि त्यांनी ते करून दाखवलं. ‘तबला अँड पकावाज’ ऐका, सुरू होतो न होतो तोच संपतो. ‘इन द पार्क’मधलं संतूर ऐका, भर दुपारी कुणीतरी गार पाण्याचा ग्लास पुढे करावा तसं. ‘लव्ह सीन’मध्ये दोन सरोद बोलतात आणि दोन्ही आशिष खानच, स्वतःच्याच वाजवण्यावर पुन्हा वाजवलेलं. आणि ‘क्रायिंग’. तारशहनाई म्हणजे भोंगा जोडलेलं इसराजासारखं वाद्य, गजानं वाजवायचं. व्होरा ते असं वाजवतात की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विरार फास्टमध्ये कान झाकून इकडेतिकडे बघितलं, खरंच कुणी रडतंय का म्हणून.

सगळाच अल्बम ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. लंडनचा भाग कमी-जास्त आहे. ‘स्की-इंग’मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार अशी अंगावर येते की मजा आ गया, पण ‘काउबॉय म्युझिक’ वगैरे मी सरळ पुढे ढकलते. ‘ड्रीम सीन’ मात्र ढकलायचा नाही. पाच मिनिटांवर चालतो, त्यात उलटे फिरवलेले आवाज आहेत, आपल्याकडचे गाणारे गळे आहेत आणि मध्येच सगळं एकमेकांत विरघळतं. ऑफिसातून घरी जाताना मालाडच्या पुढे झोप आणि जाग यांच्या मधे डोक्यात जे चालतं ना, तेच.

तर टॅक्सी. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा स्टिरिओ मशीन नव्हतं. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन मागवलं, चक्क ट्रेननं. (हे मेनन पुढे जगभरच्या ईएमआयचे प्रमुख झाले.) लंडनमध्ये चार ट्रॅकवर काम करणाऱ्या हॅरिसननं इथे दोनच ट्रॅकवर, जागच्या जागी मिक्स करत सगळं उतरवलं. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातलं. पण खोली धड साउंडप्रूफ नव्हती. हॅरिसननं नंतर सांगितलंय की नीट कान दिला तर रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी रेकॉर्डवर ऐकू येतात. आणि रोज साडेपाचला बिल्डिंगमधली ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागे, कारण जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या माणसांचा आवाज थेट आत यायचा.

वाचलंत? एका बीटलला थांबावं लागलं ते आपल्या साडेपाचच्या लोकलमुळे. त्या दिवसापासून मी या अल्बमची झाले.

आठ महिने मी ती टॅक्सी शोधतेय. हप्त्यावर घेतलेले, बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन लावून! एकदा वाटलं, सापडली. हेडफोन काढले तर खाली उत्तनची बस हॉर्न देत होती.

माझे घरमालक अंकल डोंगरीचेच. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा कान गेलाय, डाव्यात मशीन आहे. मी त्यांना भाडं द्यायला गेले की आंटी चहा टाकतात आणि अंकल जुनं काहीतरी सांगतात. त्यांनी एकोणिसाव्या वर्षी फोर्टात टायपिस्ट म्हणून नोकरी धरली, हे मला माहीत होतं. पहाटे भाईंदर स्टेशनपर्यंत सायकल, पुढे चर्चगेटपर्यंत ट्रेन. रेडिओ सिलोनवर बीटल्स ऐकून केस कपाळावर आणले म्हणून साहेबानं झापलं होतं, हेही माहीत होतं. ताजच्या बाहेरच्या त्या १९६६ च्या गर्दीत ते आणि त्यांचा एक दोस्त होते. तीन तास उभे राहिले. ‘काय दिसलं?’ विचारलं तर म्हणाले, ‘खिडक्या.’

मग एका रविवारी मी विचारलं, अंकल, ऑफिस नेमकं कुठे होतं?

‘पी. एम. रोड. युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या जवळच. दोस्त माझा त्याच बिल्डिंगीत कामाला. साडेपाचला मी जिन्याखाली जाऊन बोंब मारायचो, तो धावत खाली यायचा. शिट्टी पण मारायचो.’

मला काय झालं सांगू! पत्रकाराला असं सोन्याचं ताट रोज कोण वाढून देतं? मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. जानेवारी १९६८, वर स्टुडिओत जॉर्ज हॅरिसन, आणि साडेपाचला तुम्ही लोक उतरायचात म्हणून तो थांबायचा. मी जवळजवळ टाळ्या वाजवत होते. मला वाटलं ते खूश होतील.

अंकल काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘तिथंच होता?’

‘हो.’

‘वर?’

आंटींनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, मी काय करून बसले. इतकी वर्षं या माणसाकडे ताजच्या खिडक्यांची एक मजेशीर गोष्ट होती. मी येऊन तिच्यापुढे दुसरी गोष्ट जोडली आणि ती काही मजेशीर नव्हती. रात्री झोप लागली नाही. हा लेख लिहायचाच नाही, असंही ठरवून झालं.

पुढच्या रविवारी अंकलनीच हाक मारली. ‘पोरी, ती रेकॉर्ड आहे ना तुझ्याकडे? लाव.’

फोन आणि माझा छोटा स्पीकर पडवीत आणला. आधी त्यांना कव्हर दाखवलं. बॉब गिल या चित्रकाराचं आहे ते. मधे लाल विटांची भिंत, एका बाजूला काळा कोट आणि काळी टोपी घातलेला ऑफिसबाबू, पलीकडे आंघोळ करणाऱ्या भारतीय बायका. हॅरिसननं हट्ट धरून त्या भिंतीतली एक वीट काढायला लावली, बिचाऱ्याला थोडी आशा असावी म्हणून. अंकलनी फोन डोळ्याजवळ नेला. ‘हा बाबू म्हणजे मीच की,’ म्हणाले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

संतूर त्यांना फारसं ऐकू आलं नाही. वरचे स्वर आता पोचत नाहीत. तबला-पखावज पोचला, मांडीवर बोटं चालायला लागली. ‘मायक्रोब्ज’मधल्या शहनाईला ‘सनई छान आहे’ म्हणाले. ‘क्रायिंग’ला त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मी थांबवलं.

‘साडेपाचला बंद करायचे म्हणालीस ना?’

‘हो.’

‘मग आमचा आवाज त्यात कुठून येणार? आम्ही उतरत होतो तेव्हा मशीन बंद. मशीन चालू, तेव्हा आम्ही चर्चगेटला गाडीत.’

खरंच की! आठ महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

‘आणि तुझी टॅक्सी?’ त्यांनी विचारलं. ‘मिळाली?’

‘नाही अजून.’

त्यांनी खुर्ची वळवून डावा कान स्पीकरकडे केला, मशीनची खुंटी फिरवली. ‘परत पहिल्यापासून लाव,’ म्हणाले. ‘मला बेस्टची बस ओळखता येते.’