‘फॉर’ की ‘ऑन’?

पेढीवर बसणाऱ्या नव्या पिढीच्या इंग्रजी पत्रांत व अहवालांत ‘वॉर फॉर टॅलेंट’ हा शब्दप्रयोग हल्ली वारंवार आढळतो. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने १९९७ साली तो रूढ केला. २००१ मध्ये त्याच नावाचे पुस्तकही निघाले. कर्तबगार माणसे आपल्याकडे यावीत आणि टिकावीत, यासाठी कंपन्यांमध्ये चाललेली चढाओढ, हा त्याचा अर्थ.

घोटाळा होतो तो मधल्या इवल्याशा शब्दामुळे. कित्येक जण ‘वॉर ऑन टॅलेंट’ असे लिहून जातात. वास्तविक अशा रचनेत ‘ऑन’पुढे येतो तो शत्रू. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ‘वॉर ऑन पॉव्हर्टी’ पुकारले, ते गरिबी नाहीशी करण्यासाठी. येथे ‘फॉर’पुढे आहे ते मिळवायचे धन. तेव्हा ‘ऑन’ लिहिणारा मालक गुणवंतांच्या मुळावर उठला आहे, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा! (काही ठिकाणचे पगार पाहता तो अगदीच चुकीचा ठरणार नाही.)

आणखी एक. जागा एक आणि अर्ज शंभर, अशा भरतीला हा शब्दप्रयोग लावू नये. तेथे झुंजतात ते उमेदवार. या शब्दांत झुंजणारे मालक अभिप्रेत आहेत.