मनुष्यस्वभाव आणि राज्यसत्ता : काही रूढ समज

मनुष्य स्वभावतः दुष्ट आहे असे मानणारा विचारवंत अनियंत्रित सत्तेचा कैवारी होतो आणि तो स्वभावतः सज्जन आहे असे मानणारा स्वातंत्र्याचा, हे समीकरण आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणाला भासत नाही. परंतु ज्या ग्रंथकारांच्या नावावर ते खपवले जाते, त्यांचेच ग्रंथ त्याला दुजोरा देत नाहीत.

थॉमस हॉब्जने 1651 साली प्रसिद्ध केलेल्या ‘लेव्हायथन’मध्ये माणसाला जात्याच पापी ठरवले, हा त्यांतील सर्वांत प्रचलित समज. वस्तुतः माणसाच्या वासना ही स्वतः पापे नव्हेत, आणि त्यांना मनाई करणारा कायदा जोवर झालेला नाही तोवर त्यांतून घडणारी कृत्येही पापे नव्हेत, असे हॉब्जने त्याच ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. त्याच्या युक्तिवादाचा पाया दुष्टता हा नसून समता आणि भय हा आहे : अत्यंत दुर्बळ माणूसही कपटाने किंवा चार जणांशी संगनमत करून बलिष्ठाचा प्राण घेऊ शकतो, त्यामुळे कोणीच निर्धास्त नसतो, आणि जेथे सर्वांवर जरब बसवणारा अंमल नाही तेथे शांतताप्रिय गृहस्थालाही आत्मरक्षणार्थ पहिला वार आपणच करावा असे वाटू लागते. 1642 पासून इंग्लंडला जाळणारे आणि 1649 च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद पाहणारे यादवी युद्ध ज्याने पॅरिसच्या आश्रयातून न्याहाळले, त्याच्या लेखणीतून हा विचार उतरला यात नवल नाही. हॉब्जची खरी उणीव निराळीच आहे. प्रजाजनांपैकी प्रत्येकाविषयी सावध असलेला हा तत्त्वज्ञ सार्वभौमापाशी येताच ती सावधगिरी टाकून देतो. आणि निरंकुश राजा हाही माणूसच असताना त्याच्यापासून प्रजेला संरक्षण कोणते, हा प्रश्न पुढे 1689 मध्ये जॉन लॉकने उपस्थित केला, तो मला आजही बिनतोड वाटतो.

रूसोने माणसाला पुन्हा अरण्यात जाण्याचा उपदेश केला, हा दुसरा समज. विषमतेच्या उगमावरील 1755 च्या प्रबंधाला जोडलेल्या टिपेत त्याने हा निष्कर्ष स्वतःच नाकारला आहे. त्याचा आदिमानव सद्गुणीही नाही आणि दुर्गुणीही नाही. त्याच्या ठायी केवळ आत्मरक्षणाची प्रेरणा आणि करुणा आहे. शिवाय मनुष्यस्वभावाविषयी इतका उदार असणारा हाच लेखक 1762 च्या ‘सामाजिक करारा’त सामूहिक इच्छेला न जुमानणाऱ्यास बळाने स्वतंत्र करण्याची भाषा करतो, ही गोष्ट आरंभी सांगितलेल्या समीकरणाचा फोलपणा पुरेसा दाखवते.

कौटिल्याविषयीचा समज आपल्या अधिक जवळचा आहे. मात्स्यन्यायाची भीती दाखवून त्याने दंडाचा उदोउदो केला, असे सांगितले जाते. परंतु तीक्ष्ण दंड करणाऱ्या राजाला प्रजा भिते, मृदू दंड करणाऱ्याची ती अवहेलना करते आणि यथायोग्य दंड करणाराच पूज्य ठरतो, असा त्याचा निर्णय आहे. त्याचा अविश्वास रयतेपेक्षा कारभाऱ्यांवर अधिक आहे : सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार त्याने क्रमाने नोंदवले आणि हिशेब, तपासणी, हेर व बदल्या यांची तजवीज सांगितली. राजालाही त्याने मोकळे सोडलेले नाही. इंद्रियजय हा त्याच्या राजशिक्षणाचा पाया असून राजाच्या दिवसाचे आणि रात्रीचे प्रत्येकी आठ भाग पाडून त्याने त्यांना कामे नेमून दिली. मात्र हा अंकुश राजाने स्वतःच स्वतःला लावायचा होता, आणि या विचाराची मर्यादा तेथेच आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी ‘आज्ञापत्र’ रचणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनीही मनुष्यस्वभाव असाच पदाच्या संदर्भात पारखला. वतनदार हे लहानसे राजेच होत आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते शत्रूला जाऊन मिळतात, हे त्यांनी परखडपणे लिहिले. पण म्हणून वतने बुडवावीत असे न म्हणता, स्नेह आणि दंड यांच्या मध्ये त्यांना राखावे, असा सल्ला दिला.

माणसाविषयीचा संशय सत्तेला निरंकुश करण्याऐवजी विभागण्याच्या कामीही येतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. 1788 मध्ये संघराज्याच्या समर्थनार्थ लिहिताना जेम्स मॅडिसनने, राज्यकर्ते देवदूत नाहीत हे गृहीत धरून, एका खात्याच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्या खात्याच्या महत्त्वाकांक्षेने आवर घालण्याची योजना मांडली. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत जो इशारा दिला त्याची जातकुळी हीच आहे : कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या स्वाधीन करू नये आणि राजकारणात विभूतिपूजेला थारा देऊ नये, असे त्यांनी सभासदांना बजावले. तेव्हा कोणताही राजकीय सिद्धांत वाचकांपुढे आला, तर तो प्रजेविषयी काय मानतो एवढ्यावर न थांबता, सत्ताधाऱ्याला तो कोणत्या मातीचा समजतो, हे त्यांनी आधी विचारावे.