एकचक्रा नगरी ते इंद्रप्रस्थ : पांडवांच्या उत्कर्षातील दैव आणि पुरुषकार

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, वर्धा-नागपूर मार्गावर केळझर हे गाव आहे. तेथील सिद्धिविनायकाचे स्थान विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक मानले जाते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी स्थानिक परंपरा आहे. बिहारमधील आरा व बंगालमधील बीरभूम येथेही अशाच परंपरा असल्याने स्थाननिश्चितीचा प्रश्न खुला ठेवावा लागतो. तथापि, निराश्रित पांडव राजपदापर्यंत पोहोचले त्या वाटेवर एकचक्रेचे महत्त्व काय, हा प्रश्न स्थाननिश्चितीवर अवलंबून नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

दैवाची योजना :
आदिपर्वात संकट आणि साहाय्य बरोबरीने येतात. वारणावतातील लाक्षागृहाची सूचना विदुर युधिष्ठिराला गूढ भाषेत देतो आणि भुयार खणण्यासाठी खनक पाठवितो. पुढे वनात भटकणाऱ्या पांडवांना व्यास भेटतात व एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी ठेवतात. येथे दैव चमत्काराच्या रूपाने प्रकट होत नाही. योग्य वेळी आपले कर्तव्य करणाऱ्या माणसांच्या रूपाने ते येते. मात्र लाक्षागृहात एक निषाद स्त्री आपल्या पाच पुत्रांसह जळून मेली, हेही महाभारत लपवीत नाही. पांडवांचे वाचणे ईश्वरी योजना मानले, तरी त्या मृत्यूंचे समर्थन त्यातून होत नाही.

राज्यापूर्वीचा राजधर्म :
एकचक्रेत पांडव ब्राह्मणवेषात भिक्षेवर राहत. आणलेल्या अन्नाचा अर्धा भाग भीमाला मिळे, उरलेला अर्धा इतरांत वाटला जाई. बकासुराला अन्न, दोन रेडे आणि एक माणूस देण्याची पाळी यजमानाच्या घरावर आली, तेव्हा कुंतीने भीमाला पाठविण्याचे ठरविले. युधिष्ठिराचा यास आक्षेप होता. ज्याच्या बळावर राज्य परत मिळवावयाचे, त्यालाच धोक्यात घालणे त्याला अविचाराचे वाटले. शिवाय अज्ञातवास उघड होण्याचे भय होतेच. कुंतीने मात्र उपकाराची जाणीव आणि दुर्बलांचे रक्षण यांना अग्रक्रम दिला.

या प्रसंगी ब्राह्मण आपल्या राजाविषयी जे बोलतो ते लक्षणीय आहे. तो राजा प्रजेचे रक्षण करीत नाही, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे राज्य असलेला राजा जे करीत नव्हता, ते राज्य नसलेल्या राजपुत्रांनी केले. यानंतरच द्रौपदीच्या स्वयंवराची वार्ता एकचक्रेत पोहोचते, द्रुपदाशी संबंध जुळतो, धृतराष्ट्र अर्धे राज्य देतो आणि खांडवप्रस्थी इंद्रप्रस्थ उभे राहते. पात्रता आधी, पद नंतर, असा हा क्रम आहे.

तुलना :
बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा येथे आठवते. कुराणातही ती यूसुफ या नावाने येते. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात बंदिवासात पडतो. तेथे तो सहबंद्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगतो आणि तेच सामर्थ्य पुढे त्याला फारोसमोर नेते. अधिकार मिळाल्यावर तो धान्य साठवून दुष्काळात लोकांना जगवितो. भावांच्या दुष्ट हेतूतून ईश्वराने कल्याण साधले, असे तो म्हणतो. पण त्यामुळे भावांचे कृत्य निर्दोष ठरत नाही.

निष्कर्ष :
गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण व चेष्टा यांच्यानंतर दैव पाचवे येते. एकचक्रेची कथा या विचाराशी सुसंगत आहे. दैव संधी देते. तिचे सार्थक माणसाच्या निर्णयावर अवलंबून राहते. 2006 साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी केंद्राला विशेष साहाय्य जाहीर करावे लागले, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात ‘नशिबाचे भोग’ हे उत्तर सहज दिले जाते. केळझरच्या परंपरेतील कथा ते उत्तर देत नाही. यजमानाच्या घरातून रडणे ऐकू आले तेव्हा कुंतीने ते ब्राह्मणाचे प्रारब्ध मानले नाही. ती उठून चौकशीस गेली.