खाडीच्या रंगातलं जुनं कपाट

वाशीतली सिडकोच्या काळातली इमारत पुनर्विकासाला निघाली की घराघरातून जुनं लाकूड बाहेर पडतं. पॉलिश काळवंडलेली कपाटं, हात निसटलेल्या खुर्च्या. नव्या फ्लॅटला ते जड वाटतं म्हणून भंगारात जातं. समुद्रावर ऊनवारा खाल्लेल्या लाकडाचा आभास रंगातून आणला, तर तेच सामान नव्या घरात शोभतं.

हा आभास शिकायची उत्तम शाळा बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या खरवडून रंगवल्या जातात. एखाद्या जुन्या होडीचा काठ नीट पाहा. दोर घासतो, हात पडतो, तिथेच निळा रंग उडालेला असतो आणि खालून आधीचा हिरवा डोकावतो. उघड्या पडलेल्या लाकडातलं लिग्निन उन्हाने विघटित होतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर चंदेरी करडा थर उरतो.

घरी नेमकं हेच करायचं. सागवान तेलकट असतं, त्यावर रंग धरत नाही. म्हणून जुनं चपडीचं पॉलिश स्पिरिटने काढायचं, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, शेवटी थिनरचं फडकं फिरवायचं. पहिला हात करड्या-तपकिरी रंगाचा. तो सुकला की कडांवर, मुठीभोवती, ड्रॉवरच्या ओठावर साधी मेणबत्ती घासायची आणि वरून फिका इमल्शन द्यायचा. मेणावर रंग धरत नाही. पेपर हलकेच फिरवला की तिथला थर सुटून खालचा रंग दिसतो. मेण सगळीकडे फासलं तर मात्र कपाट झिजलेलं न दिसता आजारी दिसतं. शेवटी पाण्यावर आधारित मॅट क्लिअर. तेलाचा कोट पुढे पिवळा पडतो. काम दिवाळीनंतर काढावं, पावसाळी दमटपणात थर लवकर वाळत नाहीत.

रंगांच्या बाबतीत माझा आग्रह आहे. पांढरा आणि फिरोजी ही जोडी परदेशी पुळणींची. आपल्या दारात ठाण्याची खाडी आहे: ओल्या चिखलाचा करडा, तिवरांचा मळकट हिरवा, होडीचा गडद निळा, आणि हवाच असेल तर आतल्या खणात नेरुळच्या पाणथळीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी. इथल्या घरात हेच रंग खरे वाटतात.

सावधगिरी एकच, पण मोठी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पेपर ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा.

आणि पॉलिशखाली सुंदर रेषांचं अखंड सागवान किंवा शिसवी निघालं, तर ब्रश खाली ठेवा. त्याला फक्त चपडीचं नवं पॉलिश करा. रंग ठिगळं मारलेल्या, डागाळलेल्या, साध्या लाकडासाठी राखून ठेवा.