बुडालेल्या नदीकाठचे रान

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या बहुतेक मोठ्या नद्या लवकरच पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावल्यावर सुमारे ६५ किलोमीटर घाटमाथ्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ जवळजवळ काटकोनात वळते आणि मग कुठे पूर्वेकडे जाऊन कराडला कृष्णेस मिळते. या दक्षिणवाहिनी टप्प्यात तिच्या पश्चिमेस कोकणावर तुटलेली सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेस बामणोलीची डोंगररांग आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग या दोन भिंतींमध्ये कोंडले जातात आणि खोऱ्याच्या काही भागांत वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसावर वाढलेले रान एका दिवसात पायी पाहायचे असेल, तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जाणे, तेथून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडणे आणि वासोटा किल्ल्याची वाट चढून संध्याकाळच्या आत परतणे हा सर्वपरिचित क्रम आहे.

या वाटेची वर्णने वाचताना ‘अस्पर्श जंगल’ हे विशेषण हटकून भेटते. ते गैरलागू आहे. कोयनेचे आजचे रान माणसाचा हात न लागल्यामुळे नव्हे, तर नांदती वस्ती उठल्यामुळे असे दाटलेले आहे, आणि डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला त्याच्या खुणा पहिल्या तासाभरातच दिसू लागतात.

पहिली खूण म्हणजे खुद्द नदीच दिसत नाही. बामणोलीच्या परिसरात कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांचे प्रवाह एकाच विस्तीर्ण जलाशयात हरवलेले असतात. १९६०च्या दशकात पूर्ण झालेल्या, १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणामागे हा शिवसागर जलाशय खोऱ्यातून सुमारे ५० किलोमीटर मागे पसरला आणि त्याखाली नदीकाठची भातखाचरे, पायवाटा, देवळे व गावे गेली. विस्थापितांपैकी अनेकांना सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी देण्यात आल्या, तर काही कुटुंबे पाण्याच्या पातळीच्या वर सरकून डोंगरउतारावरच राहिली. ज्या पाण्यासाठी हे घडले त्यातील मोठा हिस्सा कोयनेच्या पात्रातून कृष्णेकडे जातच नाही. तो बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून कोकणच्या पातळीला सोडला जातो, त्यावर एकूण १९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प चालतो आणि शेवटी ते पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या नदीची ही उलटी वाट लाँचमधील प्रवाशाच्या ध्यानात येण्याचे काही कारण नसते. जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात भूकंपाचे धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपाने कोयनानगर परिसर उद्ध्वस्त केला; साठलेल्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात हे खोरे तेव्हापासून जगभर उदाहरण म्हणून सांगितले जाते.

लाँच जेथे लागते ते मेट इंदवली. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा वाटेच्या मोक्याच्या जागी असलेल्या चौकी-पहाऱ्याच्या ठिकाणाला ‘मेट’ म्हणत, आणि अशा मेटांवर पहारा करणारी माणसे कुटुंबकबिल्यासह तेथेच राहत. आता तेथे वनखात्याची चौकी आहे. आत जाणाऱ्यांची नोंद होते आणि सोबत नेलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून, परतताना त्या परत आणल्याची खात्री केली जाते, ही पद्धत इतरही गडांवर रुजायला हवी. चौकीपुढे काही पावलांतच झाडी डोक्यावर मिटते. वाटेच्या बाजूला दगडी जोती, म्हणजे घरांचे चौथरे, पाचोळ्यात अर्धवट बुडालेली आढळतात, आणि त्यांच्या जवळपास आंबा व फणस हमखास असतात. अशा ठिकाणी ही झाडे एकत्र आणि जुनी दिसली, तर बहुधा ती कोणी तरी लावलेली असतात.

मात्र घरांच्या भिंती कोठेच सापडत नाहीत, आणि याचे उत्तर त्याच रानात उभे आहे. या भागातील घरांचा पाया दगडाचा असला तरी भिंती कारवीच्या असत. कारवी हे पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारे झुडूप; तिच्या बोटाएवढ्या जाड, सरळ आणि पेरांशी किंचित फुगलेल्या काठ्या शेजारीशेजारी बांधून त्यांचा ताटवा करीत आणि त्यावर शेणमातीचा जाड गिलावा देत. अशा भिंतीला कूड म्हणतात. राहत्या घरात कुडाला दरवर्षी सारवण मिळे आणि तो टिके. घर ओस पडल्यावर पाच हजार मिलिमीटर पावसापुढे त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. चौथऱ्यांच्या आसपास आज पुन्हा कारवीच माजलेली असते. सात वर्षे नुसती पाने वाढवून ती सामान्यतः आठव्या वर्षी एकाच वेळी सगळ्या उतारावर जांभळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते; मग फुटलेल्या बोंडांतून उडालेले बी पुढच्या पावसात रुजते.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाट उतरते तेथे गणपती आणि मारुतीच्या मूर्ती आहेत, आणि पात्रातील गोट्यांमध्ये या डोंगरांची जडणघडण उघडी पडलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट बनला. थिजणाऱ्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्याने गारगोटी व तत्सम पांढरी खनिजे साचवली. काळ्या गोट्यांवर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत या ओढ्यात फक्त डोह उरतात, आणि शीळकरी कस्तूर हा निळसर काळा पक्षी त्यांच्या काठी असतो. त्याची शीळ पहाटे आणि पावसाच्या तोंडावर इतकी मानवी वाटते की नवखा माणूस मागे वळून पाहतो.

ओढ्यापलीकडे खरी चढण लागते आणि रानाचा स्वभावही बदलतो. पायथ्याला ऐन, किंजळ अशी पानगळीची झाडे अधिक, तर वर जावे तसे अंजनी, जांभूळ आणि पिसा या सदाहरित झाडांचे राज्य. वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळेश्वर ते कोयना या पट्ट्यातील उंचावरचे वन याच तीन वृक्षांच्या समूहाने ओळखतात. त्यांच्या जोडीला हिरडा असतो, ज्याची फळे औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी गोळा करून विकणे हा डोंगरातील लोकांचा जुना जोडधंदा. झाडांच्या खोडांवर मसाल्यातील दगडफुलाच्या राखी, कोचदार पापुद्र्यांचे थर चढलेले दिसतात. शेवाळ आणि बुरशी यांच्या सहजीवनातून बनलेली ही सजीव रचना स्वच्छ, दमट हवेतच अशी पोसते. जनावरे सहसा दिसत नाहीत, त्यांचा वावर मात्र कळतो: गव्याच्या पसरट खुरांचे ठसे, अस्वलाने उकरलेली वारुळे, उंच फांद्यांच्या बेचक्यात शेकरूने काटक्या-पानांची रचलेली मोठी घरटी. शेकरू ही खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

शेवटच्या टप्प्यात झाडी अचानक संपते आणि वाट कारवी व वाळक्या गवतातून, पुढे कड्यात खोदलेल्या पायऱ्यांवरून पडक्या दरवाजात शिरते. वासोटा शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये घेतला आणि राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैद्यांना पुढे काही काळ तेथे ठेवले होते. गडाची दुर्गमता हेच त्याचे बळ होते, पण १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावरून तोफा डागल्यावर ते बळ अपुरे ठरले. माथ्यावर मारुती व महादेवाची मंदिरे, पाण्याचे टाके आणि काही चौथरे याखेरीज फारसे उरलेले नाही. बहुतेकांचे पाय वळतात ते कड्याकडे. बाबूकड्याची तुटलेली भिंत खाली कोकणात उतरते आणि तळाशी चोरवण्याच्या बाजूची घरे दिसतात. पूर्वेस जलाशयापर्यंत पसरलेले अखंड हिरवे छत पाहिले की इथे कधी शेते असतील यावर विश्वास बसणे कठीण जाते.

तरीही ती होती. उतारावरील झाडे तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची ही कुमरी शेती या डोंगरांत चालत असे. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने तिच्यावर निर्बंध आणले, धरणाने नदीकाठ रिकामा केला, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. वनाच्या दृष्टीने ही सलग कमाई आहे. ज्यांची जोती वाटेत लागतात त्यांच्या बाजूने हिशेब तसा लागत नाही, आणि माहितीफलकांवर गवा-शेकरूंबरोबर या माणसांचीही नोंद असायला काही हरकत नव्हती.

पावसाळ्यात ही वाट बंद असते, आणि जळवा व ओढ्यांना येणारे लोंढे पाहता ते योग्यच आहे. आत मुक्काम करता येत नसल्याने सकाळी लवकर निघणाऱ्या लाँचनेच जावे, कारण पाण्यावरचा दीड तास जाता-येता दोन्ही वेळा धरावा लागतो आणि चढणीला दोन-अडीच तास सहज लागतात. बहुतेक गर्दी डिसेंबरच्या सुट्टीत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्याला ऊन थोडे अधिक लागेल, पण तेव्हा अंजनीच्या फांद्यांना पानांखाली, थेट लाकडालाच चिकटलेले गर्द निळ्या फुलांचे गुच्छ येतात.